डी ड्राइव्हला हात न लावता

पुन्हा तिथंच कुठंतरी थांबलं. फायली कॉपी होत होत्या, टक्के एकेक करत वर सरकत होते, आणि निम्म्याच्या थोडं पुढं आल्यावर पडदा गोठला. मग तीच चौकट वर आली. आवश्यक फायली वाचता येत नाहीत, विंडोजचं इन्स्टॉलेशन पुढं जाऊ शकत नाही. खाली एकच बटण, ओके. नको, थांबा, कशामुळं, असलं काही म्हणायची सोयच ठेवलेली नव्हती. सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे, शिवकुमारनं ते ओके दाबलं आणि दाबता दाबता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं. आधीच्या खेपांना वाईटच वाटलं असणार, असं तो धरून चालला होता. पण आता मागं वळून पाहिलं तर तसंही छातीवर हात ठेवून सांगता येईना. खांदे सैल झाले होते. ओठांतून हलकेच श्वास सुटला होता. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी अंगात ताप भरला आणि आई म्हणाली, आज झोप, तेव्हा असंच काहीतरी वाटलं होतं. तो दचकला आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडं बघू लागला, जसं काही श्रीदेवीनं ते पाहिलंच असेल.

श्रीदेवीची पाठ होती. ती भाकरी थापत होती. बाळीवेशीतल्या त्या दोन खोल्यांत आता तिचंच राज्य होतं. ओट्यावर ज्वारीच्या पिठाची परात, भिंतीकडेला सुती कापडावर कडक व्हायला पसरलेल्या भाकऱ्या, कोपऱ्यात शेंगाचटणीचे डबे, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत एक घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि लॅपटॉपपुढं नवरा. नवरा घरी बसल्यापासून तिच्या कडक भाकऱ्या गावातल्या दुकानांत जायला लागल्या होत्या. ती त्याला कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर शिवकुमारला भांडता तरी आलं असतं. ती फक्त जेवताना त्याच्या ताटात जास्तीची चटणी वाढायची, आणि तो खाली मान घालून ती संपवायचा. थापण्याचा तो एकसारखा आवाज ऐकत राहिलं की त्याला कारखाना आठवायचा, आणि कारखाना आठवला की हातपाय जड व्हायचे.

त्या कारखान्यात त्यानं टॉवेलांची आणि चादरींची नक्षी काढण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. सुरुवातीला सगळं कागदावर. चौकटींच्या मोठ्या कागदावर ब्रशनं एकेक चौकट रंगवायची, एक चौकट म्हणजे एका धाग्याचं वर-खाली, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि ती कार्डं मागावर चढायची. दिवसभर वाकून पाठीचं धनुष्य व्हायचं. पण संध्याकाळी मागावरून पहिली वीतभर पट्टी उतरायची आणि तेलुगूत बोलणारे विणकर ती हातात धरून उजेडाकडं करायचे, काहीतरी म्हणायचे, हसायचे, आणि त्याला त्यातला एक शब्द कळला नाही तरी सगळं कळायचं. पुढं कार्डं गेली, माग संगणकावर चालायला लागले, तेव्हा त्यानं स्वतःच्या पैशानं हा लॅपटॉप घेतला आणि चाळिशी लावून नव्यानं शिकला. शिकला म्हणजे चांगलाच शिकला. नंतर मालकांच्या लक्षात आलं की नक्षी तयार मिळते, बसल्या जागी, हवी तेवढी. त्याच्या टेबलाच्या जागी कॉम्प्रेसर आला. कुणी त्याला जा म्हणालं नाही. टेबल नव्हतं, म्हणून तो उभा राहिला, आणि उभं राहून राहून एक दिवस घरी आला.

आणि आता हे. परवा लाइट गेली, आली, परत गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो नुसत्या वायरवर जगणारा प्राणी. त्यानंतर तो उघडेचना. सात रस्त्यावर अमृतचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं नेला. अमृतनं मागचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाला, "काका, डिस्क चांगली हाय. विंडोज तेवढं उडलंय. माझ्याकडं ठेवला तर आठवडा जाईल, लई मशीनी पडल्यात. त्यापरीस हा पेनड्राइव्ह न्या, घरीच टाका. सी निवडायचं, पुढं पुढं दाबत जायचं. फक्त डी ड्राइव्हला हात लावू नका. डी गेला की सगळं गेलं." दुकानातल्या गर्दीत हे वाक्य अमृतनं सहज टाकलं, पण ते शिवकुमारच्या कानाला चिकटून बसलं. डीमध्ये त्याच्या सगळ्या नक्ष्या होत्या. प्रत्येक खेपेला ती यादी समोर यायची, सी आणि डी, एकाखाली एक, सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी, आणि विंडोज कुठं टाकू म्हणून विचारायची. बोट सीवर नेताना दर वेळी त्याच्या मनात यायचं की डीवर गेलं तर. आधी ते भीतीनं यायचं. आता ते नुसतंच यायचं, कठड्यावरून खाली बघताना येतं तसं, आणि तो पुन्हा पुन्हा वाचून, डीला हात न लावता पुढं जायचा.

घाई आजची होती. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची सून, पायल, आता तिकडचं काम बघते. तिनं स्वतःहून फोन केला होता. "काका, ती जोंधळ्याच्या कणसाची पट्टी तुमचीच ना? आम्हाला हॉटेलच्या टॉवेलला पाहिजे, पण बारीक करून. आज संध्याकाळपर्यंत फाइल पाठवाल का? माग रिकामा ठेवलाय. हे जमलं तर पुढची सगळी डिझाइनं तुमच्याकडंच देईन म्हणते. नाही जमलं तर मग मला नेटवरून काहीतरी घ्यावं लागेल." ती गोड बोलत होती आणि खरं बोलत होती. दुसऱ्या बाजूला अक्कलकोटला श्रीदेवीचा थोरला भाऊ संगप्पा. त्याच्या लॉजच्या काउंटरवर माणूस हवा होता. राहायचं तिथंच, वरच्या खोलीत. भाविक येणार, चावी द्यायची. भाविक जाणार, चावी घ्यायची. संगप्पालाही उत्तर आजच हवं होतं, दुसरा एकजण दारात उभा होता. श्रीदेवीला अक्कलकोटला जाता येणार नव्हतं, तिची दुकानं सगळी इथली. यावर ती एकदाच बोलली होती, रात्रीची भांडी आवरताना. "अण्णाकडं गेला तर चांगलंच हाय. पर तुमी तितं, मी हितं. ह्या वयात कशाला वायलं ऱ्हायचं?" मग नळ सोडला आणि त्याचं उत्तर पाण्याच्या आवाजात ऐकायचं टाळलं. म्हणजे गोष्ट सरळ होती. हे यंत्र चालू झालं तर तो इथं, या टेबलाशी, नक्षी काढणारा शिवकुमार. नाही झालं तर काउंटर. आणि हे माहीत असताना, ओके दाबताना, त्याला बरं वाटलं होतं.

त्यानं ते बरं वाटणं परत एकदा चाचपून बघितलं, जिभेनं किडलेली दाढ चाचपतात तसं. दुखलं, पण गोडही लागलं. नाही जमलं. माझी काही चूक नाही, मशीनच जुनं. सांगायला किती सोपं. पायलला सांगता येईल, श्रीदेवीला सांगता येईल, स्वतःलाही हळूहळू सांगता येईल. आणि मग अक्कलकोटची ती खोली, खिडकीतून येणारा उदबत्तीचा वास, खाली कानडी आणि मराठीची एकच खिचडी झालेली गर्दी, आणि त्या गर्दीत कुणीही त्याला नवीन काही करून दाखव म्हणणार नाही. चावी एक तर हुकावर असते किंवा नसते. त्यात बरं-वाईट नसतं, काका जरा बदलून द्या नसतं, मागावर चढून उतरेपर्यंत पोटात होणारी ती कालवाकालव नसते. किती वर्षं आपण ही कालवाकालव काम म्हणून पोसली, आणि तिलाच आनंद म्हणालो. कदाचित तो आनंद असेलही. आता त्याची किंमत शरीराला झेपत नाही एवढं खरं. तो पन्नाशी ओलांडलेला होता, म्हातारा नव्हता. थकवा मात्र म्हाताऱ्या माणसाचा होता.

"व्हतंय का?" श्रीदेवीनं मागं न बघता विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला. आणि काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यानं अमृतला फोन लावला. अमृत कुणाशी तरी भांडत होता, मध्येच इकडं बोलत होता. "एकाच जागी अडकत न्हाय ना? मागं-पुढं व्हतंय? मग पेनड्राइव्ह नीट टेकत नसणार काका. दुसऱ्या बाजूला लावून बघा. ते तुटलंय व्हय? मग आहे त्याच पोर्टात टॉर्च मारा की, कचरा असंल. सुईनं काढा, वायर काढून मग. स्पिरिटचा बोळा फिरवा." शिवकुमारनं वायर काढली, लॅपटॉप आडवा धरला आणि मोबाइलच्या उजेडात त्या छोट्या चौकोनी भोकात डोकावला. कचरा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. असू नये असंही वाटलं होतं. पण आत काहीतरी होतं. राखाडी, सुकून टणक झालेलं, भोकाच्या पितळी दातांना धरून बसलेलं. त्यानं सुई घातली. एक खपली निघून टेबलावर पडली. बोटात चुरली तर भुकटी झाली आणि भुकटीला मधाचा अगदी पुसटसा वास होता. त्यानं ती भुकटी ओळखली. लहानपणापासून रोज आंघोळीनंतर कपाळाला लागणारी.

"श्रीदेवी, ह्यात विभूती कशी गेली?"

थापायचा आवाज थांबला. ती आली, पिठाचे हात अंगापासून लांब धरून वाकली, टेबलावरची भुकटी बघितली. "खंडेनवमीला लावली की. दर साली लावतो."

"दर साली वर लावतीस. झाकणाला. तीन बोटं वढतीस आणि दुसऱ्या दिवशी पुसतीस. हे आत हाय."

तिनं कोपरानं त्या भोकाकडं दाखवलं. मग म्हणाली, "ती काडी जाते न्हवं तितनं? मला वाटलं, ते त्याचं तोंड. सगळं तितनंच आत जातं म्हणून. यंदा जरा भरवलं."

"काय भरवलं?"

"पंचामृत. थेंबभर. विभूतीत कालवून, बोटावर घेऊन." ती हे त्याच्याकडं न बघता, त्या यंत्राकडं बघत सांगत होती. "इतकी वर्सं नुसता नमस्कार केला त्याला. तुमी घरी बसला, ते पण तसंच बसलं. म्हणलं उपाशी हाय, चार घास घालावं. ह्यांचं काम येऊ दे म्हणलं. आणि आला की फोन. त्या पोरीचा. मला वाटलं, पावलं."

शिवकुमारला कारखान्यातली खंडेनवमी दिसली. माग बंद, फरशी धुतलेली, प्रत्येक लोखंडी खांबावर विभूतीची तीन बोटं आणि हळदीकुंकू, पट्ट्यांना झेंडू, नारळाचं पाणी दातऱ्या चाकांवर उडालेलं. कुणाच्या मनातही आलं नाही की यंत्राला याचा त्रास होईल. लोखंडाला सगळं पचायचं. दुसऱ्या दिवशी खटका मारला की ते धडधडत सुरू व्हायचं, तेल आणि कुंकू एकत्र ओघळायचं. तिनं तेच केलं होतं. तिच्या बापाच्या घरी मोटेला, चुलत्याच्या ट्रॅक्टरला, तिच्या स्वतःच्या परातीला आणि तव्याला जे केलं जातं तेच. फक्त हे यंत्र नाजूक पोटाचं निघालं. त्याला राग आला. चांगला भरभरून राग आला, कित्येक महिन्यांत आला नव्हता असा, आणि त्या रागाच्या पोटात तेच बरं वाटणं पुन्हा डोकं वर काढून बसलेलं. आता तर कारणही मिळालं होतं. मशीन जुनं नव्हे, मी नव्हे, हिनं. तो काहीतरी कडू बोलणार होता, पण तिचे ते हवेत धरलेले पिठाचे हात बघून त्याला बोलवेना. "निघंल," एवढंच तो म्हणाला. "साफ केलं की निघंल." ती तिथंच उभी राहिली. सुईचं टोक भोकात जाताना बघून तिनं स्वतःचेच ओठ दाबून धरले, लेकराच्या कानातलं काहीतरी काढत असल्यासारखं.

साफ झालं. बोळा काळा झाला, पितळ चमकायला लागलं. वायर लावली, पेनड्राइव्ह आत घातला आणि तो पहिल्यापेक्षा घट्ट, कट्कन बसला. भाषा, पुढं, अटी मान्य, पुढं, सी आणि डी. सी. टक्के चढायला लागले. तो पडद्याकडं बघत होता आणि मनातल्या मनात थांब म्हणत होता. कुणाला, ते त्यालाच धड कळेना. निम्मं झालं. अडकायची जागा आली, आणि टक्के तिथं न रेंगाळता सहज पुढं गेले, ओळखीच्या माणसानं न बघता दारावरून निघून जावं तसे. त्याचे खांदे वर चढले. श्रीदेवी तव्याकडं जायची, भाकरी उलटायची, परत येऊन त्याच्या पाठीमागं उभी राहायची. तिला तो पडदा वाचता येत नव्हता, पण आकडे वाढतायत एवढं कळत होतं. लॅपटॉप बंद होऊन आपोआप सुरू झाला आणि पडदाभर निळं आभाळ पसरलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आतु." झालं. ती कानडीत बोलायची ती फक्त देवापुढं, माहेरच्यांशी आणि फार बरं वाटलं की.

डी शाबूत होता. नक्षीचा प्रोग्राम त्यातच ठेवलेला होता, तो टाकला, आणि मग कणसाची फाइल उघडली. पडदाभर कणसं. उभी, भरलेली, एकाआड एक डाव्या-उजव्या अंगाला झुकलेली, आणि दर चौथ्या कणसाचे वरचे दोन दाणे रिकामे, जसं पाखरानं टिपले असावेत. शिवकुमार बघत राहिला. ते दोन दाणे का सोडले होते ते त्याला आठवेना. काहीतरी कारण होतं. ते सोडल्यामुळंच ती पट्टी जिवंत होती, हे त्याला दिसत होतं, कुणाही जाणत्याला दिसलं असतं. पण तो निर्णय कुणी, कधी, कुठल्या अंगानं घेतला ते आता कळत नव्हतं. हे चांगलं काम होतं. ते ज्यानं केलं तो माणूस या खोलीत नव्हता. त्यानं पट्टी बारीक करायला घेतली. दाणे एकमेकांत शिरले, कणसांची चटई झाली. असं होतंच, मग हातानं एकेक चौकट परत मांडायची असते, हा दाणा ठेवायचा, तो काढायचा, डोळ्यानं नव्हे, कशानं तरी दुसऱ्यानंच ठरवायचं असतं. त्यानं काही चौकटी हलवल्या. परत होत्या तिथं ठेवल्या. परत हलवल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाचं आणि पडद्याचं. हे आज होईल. रडतखडत होईल. मग पायल म्हणेल, जरा बदलून द्या. मग दुसरं. मग तिसरं. रोज सकाळी उठून त्या माणसाची वाट बघायची आणि तो आला नाही तरी आल्यासारखं करायचं. हे त्याच्यानं होणार नव्हतं. इतक्या सरळ शब्दांत त्याला ते पहिल्यांदा कळलं, आणि रडूही आलं नाही.

फोन वाजला. संगप्पाचा. श्रीदेवीचे हात पिठाचे, तिनं कोपरानंच तो स्पीकरवर टाकला आणि कानडीत भावाला म्हणाली, थांब, ह्यांनाच बोल. बोलताना ती हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचे सगळे दात दिसले. तिनं फोन उचलून टेबलावर, उघड्या लॅपटॉपच्या शेजारी ठेवला आणि तिथंच उभी राहिली, त्याच्या तोंडून भावाला नकार ऐकायला.

"काय दाजी, काय ठरलं? बरतीरी, येताय ना?" संगप्पा म्हणाला. "मशीन झालं का चालू? न्हाय झालं?"

शिवकुमारनं पडद्याकडं बघितलं. कणसं तशीच उभी होती.

"न्हाय झालं अण्णा," तो म्हणाला. आवाज अगदी सहज आला. "तुमच्या बहिणीनं खंडेनवमीला त्याला पंचामृत पाजलं. विभूती कालवून. आतनं सगळं गेलं." आणि तो हसला, कारण संगप्पा हसणार हे त्याला माहीत होतं. "आता त्यात काय राम न्हाय. उद्या येतो मी."

संगप्पा पोट धरून हसला. हसत हसत खोकला. "श्रीदेवी, अगं खुळे, काय केलंस हे? व्हय गं?"

शिवकुमारनं तिच्याकडं बघितलं नाही. पडद्याचा उजेड तिच्या पिठाच्या हातांवर पडला होता, तेवढंच त्याला दिसत होतं. मग ती फोनकडं वाकली.

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "माझ्यामुळंच गेलं."

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिनं उतरवली, गॅस बारीक केला. पदराला हात पुसत परत आली, अगदी कोरडे होईपर्यंत एकेक बोट पुसलं, आणि टेबलापाशी उभी राहून त्या उजळ पडद्याकडं बघत म्हणाली, "आता हे बंद कसं करायचं, ते तेवढं मला दाखवा."